स्वामींच्या दांड्याचं फडकं

घंटेचा टोल पडला आणि कुंपणाला रेटून उभे असलेले सत्तर-ऐंशी आईबाप एकदम गप्प झाले. पाळणाघराच्या लॉनच्या मधोमध हिरवी कफनी घातलेले तृणस्वामी उभे होते. पुढ्यात प्लास्टिकचं निळं पिंप, हातात घंटा आणि कफनीखाली घोट्याच्या वर येणारे रबरी बूट. बुटांबद्दल पहिल्याच रविवारी कोणीतरी विचारलं होतं. "पृथ्वीची ऊर्जा माझ्या पायांतून गळू नये म्हणून," असं स्वामी म्हणाले आणि विचारणाऱ्याने शहाण्यासारखी मान डोलावली.

"हे पाणी कुठलं?" स्वामींनी विचारलं.

"आमच्या नळाचं!" लोक ओरडले. पिंप त्यांच्या डोळ्यांदेखत भरलं होतं.

"पिंप कोणाचं?"

"आमचं!"

"मी त्यात रसायन घातलं?"

"नाही!"

"मग मी काय घालणार? नाद! फक्त नाद. गवताला आपलेपणा कळतो, तणाला परकेपणा. जे नको आहे, ते हे पाणी बरोबर ओळखतं. तुम्ही नाही ओळखत, मी नाही ओळखत, पाणी ओळखतं!"

मग स्वामींनी फडकं गुंडाळलेल्या लाकडी दांड्याने पिंप ढवळत एकवीस वेळा मंत्र म्हटला. शिष्याने ते पाणी झाऱ्यांतून लॉनच्या एका पट्ट्यावर शिंपायला लावलं. शेजारचा पट्टा मागच्या रविवारचा होता. तिथली आंबुटी, घोळ, दुधाणी असली तणं पिळवटून आडवी पडली होती आणि गवत मात्र हिरवंगार उभं होतं. एका आईने डोळे पुसले. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई तिथे होती. तिच्या दोन्ही हातांत झाऱ्या होत्या, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ती मी. इथली माळीण.

खरं सांगायचं तर सगळ्याचं मूळ मीच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी या लॉनवर पाठीवरच्या पंपाने तणनाशक मारत होते. माझ्या हातांची सालं निघायला लागली तेव्हा मी आमच्या संचालिकेला, मोठ्या बाईंना, म्हटलं, "बाई, पोरं इथं रांगतात आणि तेच हात तोंडात घालतात. हे बंद करू या." बाईंना पटलं. पटलं की बाई थांबत नाहीत. त्यांनी फाटकावर पाटी लावली : 'या हिरवळीवर कोणतंही रसायन वापरलं जात नाही.' खाली रंगाऱ्याकडून माझी सही काढून घेतली, हातभर लांब. आयुष्यात माझी सही एवढी मोठी कधी झाली नव्हती.

पाटी लागली तसं तणही लागलं. मी बाईंना सांगितलं होतं की खुरप्याने लॉन ताळ्यावर यायला दोन वर्षं लागतील. पण आईबापांना पोरांच्या मोज्यांना चिकटलेली कुसळं दिसत होती, माझं खुरपं दिसत नव्हतं. "मला दोन वर्षं नकोत गं," बाई म्हणाल्या, "मला दोन महिने दे." माझ्याकडे दोन महिन्यांचा उपाय नव्हता. स्वामींकडे होता. सहा रविवार, सहा पट्टे.

दुसऱ्या रविवारी मी मेलेली आंबुटी उचलून जवळून बघितली. देठ पिळलेल्या धुण्यासारखा आणि पानं आत वळून वाटीसारखी झालेली. तहानेने झाड असं मरत नाही. अठरा वर्षं मी फवारणी केली आहे. रुंद पानांच्या तणावरचं औषध मारलं की तण वेड्यासारखं वाढत सुटतं, स्वतःलाच पिळतं आणि मग मरतं. गवताचं पान अरुंद, त्याला ते फारसं बाधत नाही. मला बघताक्षणी कळलं. कळलं नाही ते एवढंच की औषध पाण्यात जातं कुठून? नळ आमचा, पिंप आमचं आणि पहाऱ्याला सत्तर माणसांचे डोळे.

तरी मी बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि तिथल्या तिथे स्वामींच्या कानावर घातलं. स्वामी हसले. मेलेल्या तणांमध्ये लव्हाळा तेवढा ताठ उभा होता. लव्हाळ्याचं पानही अरुंदच, तो कशाला मरेल? स्वामींनी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"बघा. जिथे जिथे हा उभा आहे, तिथे तिथे माळीणबाईंचा संशय उभा आहे."

सत्तर माना माझ्याकडे वळल्या. त्या दिवसापासून लॉनवर काहीही बिघडलं तरी त्याचं उत्तर तयार झालं : मी.

आमची राहायची खोली अवजारांच्या शेडमागे आहे. दहा बाय बाराची, एका खिडकीची, नोकरीबरोबर मिळालेली. नोकरी गेली की खोलीही जाणार. बोलले तर खोली जाते, गप्प बसले तर फाटकावर माझी सही आहे. इकडे आड, तिकडे विहीर. रोज सकाळी सातला मी त्या पाटीखालून जायची आणि वर बघायची नाही. मी गप्प बसले. ही गोष्ट मी स्वतःला चांगलं दाखवायला सांगत नाहीये, म्हणून हे आधीच कबूल करते.

खोलीत आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून आईंनी एकच वाक्य धरून ठेवलं होतं : "माझ्या हाताला यश नाही." ज्याला सांभाळलं ते टिकत नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. चार वर्षं त्यांनी एक रोप लावलं नाही, माळीणबाईच्या घरात राहून. या वर्षी, कशी कोण जाणे, त्यांनी खिडकीत टोमॅटोच्या पाच कुंड्या लावल्या. दिवसातून दहा वेळा पानं मोजायच्या. फुलं आली तेव्हा मला हाताला धरून खिडकीशी नेलं. मी मनात म्हटलं, चला, आई परत आल्या.

दुसऱ्या रविवारी झारीत थोडं मंतरलेलं पाणी उरलं होतं. ते त्यांनी टोमॅटोला घातलं. मला कळलं बुधवारी, जेव्हा पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या.

"आई, त्यांना काय घातलंत?"

"स्वामींचं पाणी. एवढं चांगलं पाणी तू मोरीत ओतायला निघाली होतीस. वाया घालवतात होय?"

"आई, त्यात औषध आहे. तणाचं औषध."

"तू संशय घेतेस," आई हळूच म्हणाल्या, "म्हणून असं होतं." त्यांनी हे वाक्य लॉनवर ऐकलेलंही नव्हतं. ते सगळीकडे पसरलं होतं, आमच्या खोलीतसुद्धा.

तिसऱ्या रविवारी आईंनी गर्दीतून वाट काढत स्वामींना विचारलं. स्वामींनी डोळे मिटले, उघडले. "आजी, पाणी खोटं बोलत नाही. जे नको होतं ते गेलं. आता लावणाऱ्या हातातच तण असेल तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं. तेवढं पुरलं.

दुसऱ्या दिवसापासून आईंनी माझ्या चहाचं आधण ठेवणं बंद केलं. मग कुंड्यांना हात लावेनात. मग त्या दारातून जाताना लॉनच्या कडेने, भिंतीला घासून जायला लागल्या, आपली सावली गवतावर पडू नये म्हणून. एका संध्याकाळी मी खुरपं धुऊन आत आले तर खाटेवर कापडी बॅग उघडी आणि तिच्यात दोन लुगडी, चष्म्याचं घर आणि माझ्या नवऱ्याचा फोटो.

"कुठे निघालात?"

"भाचीकडे. इथे राहून तुझ्या कामाला माझी नजर नको."

"भाची तुम्हाला दारात उभं करत नाही."

"म्हणूनच बरं," आई म्हणाल्या. "तिच्या घरात काही उगवत नाही. माझ्याने तिथे काही मरायचं नाही."

मी खूप बोलले. रुंद पान, अरुंद पान, सगळं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ज्या बाईने चार वर्षं स्वतःला दोष दिला, तिला स्वामींनी फक्त त्यावर शिक्का मारून दिला होता. मला स्वामींचा संताप आला. पण राग आल्याने काही सिद्ध होत नाही. एवढंच कबूल करून घेतलं की सहावा रविवार झाल्यावर त्या जातील.

चौथ्या रविवारी स्वामींचा शिष्य तापाने पडला. एरवी मंत्र संपला की तो दांडा आणि फडकं घेऊन थेट व्हॅनकडे पळायचा. त्या दिवशी स्वामींना फोटोंसाठी आईबापांनी घेरलं आणि मोठ्या बाईंनी आपल्या सवयीने मला हाक मारली, "अगं, ती भांडी धुऊन दे स्वामींची. असं खरकटं ठेवू नये." आमच्याकडे हा बाईंचा नियमच आहे. खेळणी असो, ताट असो, वापरलं की माळीणबाईच्या मोरीत धुऊनच परत जायचं. शेडच्या मोरीत नेऊन मी दांड्यावरचं फडकं सोडलं. आतल्या घडीत पांढऱ्या भुकटीचा थर होता, निम्मा विरघळलेला, निम्मा गाठीत अडकलेला. वास आला. दवाखान्याची फरशी पुसल्यावर येतो ना, तसला. अठरा वर्षं माझ्या पंपाला येत होता तोच.

तर असं होतं. पाणी खरंच नळाचं होतं, पिंप खरंच आमचं होतं आणि सत्तर माणसं घंटेकडे बघत होती. दांड्याकडे कोणीच बघत नव्हतं.

मी रबरी हातमोजे चढवले, फडकं डब्यात ठेवलं आणि दांड्याला तसंच एक पांढरं फडकं बांधून परत पाठवलं. वाटलं, आता बाईंकडे धावत जावं. पण मी थांबले. फडकं औषधात तूच बुडवलंस, असं म्हणायला त्यांना किती वेळ लागला असता? आणि मला बाईंच्या आधी दुसऱ्याच कोणाला तरी पटवायचं होतं.

सोमवारी मी आईंना शेडमागे नेलं. तिथे माझ्याने कधी खुरपून होत नाही असा तुकडा आहे, आंबुटी आणि लव्हाळ्याने भरलेला. विटा लावून मी त्याचे तीन चौकोन केले.

"आई, जाण्याआधी माझं एक काम करा. स्वामींचा मंत्र पाठ आहे ना?"

"चार रविवार खिडकीतून ऐकतेय. झोपेत म्हणेन."

"मग या बादलीतल्या पाण्यावर म्हणा. एकवीस वेळा. मनापासून."

"माझ्या तोंडून कसा चालेल? माझ्यात तर..."

"म्हणा तर खरं."

आईंनी म्हटला. स्टीलच्या वाटीवर चमचा वाजवत, डोळे मिटून, एक अक्षर न चुकवता. ते पाणी पहिल्या चौकोनाला घातलं. दुसऱ्या बादलीत मी चिमट्याने ते फडकं खळबळलं. मंत्र नाही, घंटा नाही. उलट मी त्या वेळी स्वामींना मनातल्या मनात अशा शिव्या देत होते की त्या इथे लिहिता येणार नाहीत. ते पाणी दुसऱ्या चौकोनाला. तिसऱ्याला नुसतं नळाचं.

"बघत राहा," मी म्हटलं. "रोज बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वामींवरही नको."

बॅग खाटेखालीच राहिली. आई रोज सकाळी शेडमागे जायच्या, हात पाठीशी बांधून, लांबूनच. मी विचारायची नाही. पाचव्या दिवशी त्या चहाचं आधण ठेवून बसल्या होत्या. बाराव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनी मला हाक मारली. पहिल्या चौकोनात आंबुटीला पिवळी फुलं आली होती. तिसऱ्यात तसंच. दुसऱ्यात सगळं पिळवटून आडवं झालेलं आणि लव्हाळा तेवढा उभा.

आई तिन्ही चौकोनांभोवती एक फेरी मारून आल्या.

"म्हणजे माझा मंत्र नाही चालला?"

"मंत्र कोणाचाच चालला नाही, आई. फडकं चाललं."

"आणि टोमॅटो?"

"टोमॅटोचं पान रुंद. तुमच्या जागी मी घातलं असतं तरी मेला असता. स्वतः स्वामींनी घातलं असतं तरी मेला असता."

त्या मटकन विटांवर बसल्या आणि रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "परवा तो काय करणार म्हणालाय, ठाऊक आहे ना? पोरांवर शिंपडणार. वर चमचा-चमचा पाजणार, मनातलं तण जावं म्हणून. तू बोलणार आहेस की नाही?"

"आई, खोली..."

"जाऊ दे खोली. माझी बॅग भरलेलीच आहे. तुझीही भरू."

सहावा रविवार. पोरं अनवाणी पायांनी फरसबंदीवर रांगेत बसवलेली, पुढे पाण्याचं पिंप, स्वामी नेहमीप्रमाणे बुटात. मागचा पट्टा त्यांना जड गेला असावा, कारण शिष्य तापातच होता, भुकटी भरायला कोणी नव्हतं आणि त्या रविवारी दांड्याला माझंच कोरं फडकं होतं. पाचवा पट्टा जसाच्या तसा तणाने माजला होता आणि त्याचंही खापर माझ्या संशयावर फुटलं होतं. आज दांड्यावर नवं, जाड फडकं दिसत होतं. एकविसावा मंत्र झाला आणि स्वामींनी चमचा उचलला, तशा आई कुंडी घेऊन पुढे गेल्या. वाळलेल्या टोमॅटोची कुंडी.

"स्वामी, एक विनंती. पहिला चमचा तुमचा."

"आजी, माझं मन निर्मळ आहे. मला गरज नाही."

"तेच म्हणते. पाणी फक्त नको असलेलं मारतं. तुमच्यात नको असलेलं काही नाहीच. मग घ्या की."

हसायला लागलेले दोन-तीन बाप थांबले. स्वामी म्हणाले, "आज मला अन्नपाणी वर्ज्य आहे."

"तुम्ही आत्ता ऑफिसमध्ये चहा प्यायलात!" रांगेतून एक चार वर्षांची पोरगी ओरडली. आम्ही तिला मुंगी म्हणतो. "बिस्किटं पण खाल्लीत. चार!"

मी झाऱ्या खाली ठेवल्या. चमचा पोरांच्या अगदी जवळ होता. मी जाऊन पिंपासमोर उभी राहिले.

"चमचा कोणीच घ्यायचा नाही. स्वामींनीही नाही, कारण त्यात विष आहे. बाई, ते दांड्यावरचं फडकं सोडा. उघड्या हाताने नको, हे मोजे घाला."

"दंड सिद्ध आहे! त्याला हात लावायचा नाही!" स्वामींचा आवाज चिरकला.

मोठ्या बाई कधी नव्हे त्या अडखळल्या. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर दहा बाय बाराची खोली होती. मला एकच गोष्ट सुचली.

"बाई, चौथ्या पट्ट्याच्या कडेला तुमचे गुलाब आहेत. तुमच्या हाताने लावलेले. त्यांचे शेंडे का वळले? तुम्ही मला कीड शोधायला लावलीत, कीड नाही. गुलाब तुम्हाला नको होते का? मग पाण्याने ते कसे ओळखले?"

बाईंनी गुलाबांकडे पाहिलं. मग मोजे चढवले, दांडा घेतला आणि फडकं सोडलं. फरसबंदीवर पांढरी भुकटी सांडली. तो वास कुंपणापर्यंत गेला. एका बापाने आपल्या पोराला असं उचललं की पोर घाबरून रडायलाच लागलं.

मग मी सगळ्यांना शेडमागे नेलं. तिन्ही चौकोन दाखवले. आईंनी एकवीस वेळा मंत्र म्हटलेला चौकोन फुलांनी भरलेला, आणि मी शिव्या देत भिजवलेला मेलेला. स्वामींनी शेडमागे यायचं टाळलं. आम्ही परत आलो तेव्हा व्हॅन गेली होती, घंटा तेवढी पिंपाशेजारी राहिली होती.

भुकटी तपासायला पाठवली. वीस दिवसांनी कागद आला. तणनाशकच, दुकानात मिळणारं. लॉन महिनोन्‌महिने पोरांना बंद ठेवावं लागलं. बाईंनी मला एकटीला बोलावून विचारलं, "तुला दुसऱ्या रविवारीच कळलं होतं. मी ऐकलं नाही, पण तू पुन्हा का नाही ओरडलीस?" मी म्हटलं, "ओरडले असते तर राहिले कुठे असते?" मग त्यांनी खोलीचा कागद माझ्या नावाने वेगळा करून दिला, नोकरी असो वा नसो. तरी महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. फाटकावरची पाटी मी स्वतः शिडी लावून उतरवली. ज्या झाऱ्यांनी चार रविवार विष शिंपलं, त्या माझ्याच हातांत होत्या. ते पुसून निघत नाही.

आता रविवारी तीच माणसं येतात, पण आत, खुरपी घेऊन. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी माती मऊ असते तेव्हा तण मुळासकट निघतं. लव्हाळ्याच्या खाली गाठ असते, ती खणून काढावी लागते, आणि एकदा काढून भागत नाही. गवत कातरताना तीन बोटं उंच ठेवायचं, म्हणजे खाली ऊन पोचत नाही आणि नवं तण उगवत नाही. टक्कल पडलेल्या जागी चाळलेलं कुजखत आणि गवताचं बी. फरसबंदीच्या फटींत स्वयंपाकघरातलं उकळतं पाणी, पोरं यायच्या आधी. यात कुठेही घंटा वाजत नाही. वेळ लागतो. दोन वर्षं लागतात, आणि थोडं तण तरीही राहतं. राहू द्या. आंबुटीने अजून कोणाचं पोर आजारी पाडलेलं नाही.

माझी एवढीच विनंती आहे. कोणी चमत्कार दाखवत असेल तर तो दाखवतोय तिकडे बघू नका, बाकीच्या गोष्टींकडे बघा. पोरांना अनवाणी बसवणाऱ्याच्या पायात बूट का आहेत, हे विचारा. उत्तर मिळालं की मान डोलवायच्या आधी पुन्हा एकदा विचारा. आणि चमत्कार फसल्यावर जो तुमच्या म्हाताऱ्या माणसाला सांगतो की खोट तुझ्यात आहे, त्याला तिथल्या तिथे अडवा. मी चार रविवार उशीर केला. तुम्ही करू नका.

आईंनी नव्या पाच कुंड्या लावल्या आहेत. दोन रोपं लागली नाहीत. "बी जुनं होतं," त्या म्हणाल्या आणि दुसरं बी पेरलं. ती कापडी बॅग आता शेडमध्ये खुंटीला आहे. आम्ही तिच्यात रविवारची खुरपी ठेवतो.